ज्याचं मुखपृष्ठ त्याच्याच पाठीत

मी मूळची सुरगाण्याकडची, म्हणजे सुरगाण्याच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्यावरची, आणि आमच्या घरात छापील वस्तूंचे दोनच प्रकार होते, एक कागद आणि दुसरं बुक. एकच पान असलं की कागद, जास्त पानं असली की बुक, हे वर्गीकरण माझ्या वडिलांचं, आणि काय सांगू तुम्हाला, इतकं काटेकोर वर्गीकरण मला पुढे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गातही क्वचितच भेटलं. रेशनचं बुक, दवाखान्याचं बुक, आश्रमशाळेतलं विज्ञानाचं तेही बुक, आणि द्राक्षाच्या हंगामात आईवडील दिंडोरीकडे मजुरीला जायचे तिथून आणलेलं फवारणीच्या औषधाचं रंगीत बुक. हे शेवटचं मला फार आवडायचं, कारण त्यात रोगट पानांची मोठमोठी चित्रं होती, आणि मी पाचवीत असताना आमच्या मागच्या कड्यावरची पानं तोडून त्या चित्रांशी जुळवत बसायचे. एकही जुळायचं नाही. शाळेत बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, अगं ते पुस्तक नाही, जाहिरात आहे ती, त्यांचं औषध लागू पडेल तेवढेच रोग त्यात असणार. तेव्हा पहिल्यांदा कळलं की छापलेलं सगळं एका जातीचं नसतं, आणि कुणी छापलं, कशासाठी छापलं हे विचारल्याशिवाय आतल्या मजकुरावर किती विसंबायचं हे ठरवता येत नाही.

पुढे नाशिकला वसतिगृहात राहून वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलं. एम.एस्सी. करायचं मनात होतं, पण धाकटी दोन भावंडं शिकत होती, म्हणून ज्यात नोकरी लवकर लागेल असं वाटलं त्या ग्रंथालयशास्त्राकडे वळले, आणि इथल्या एका जुन्या ग्रंथालयात नियतकालिक विभागात कंत्राटावर रुजू झाले. मी महत्त्वाकांक्षी आहे, हे लपवण्यात काही अर्थ नाही. पहिल्याच दिवशी मी ठरवलं होतं की पाच वर्षांत हा विभाग असा लावायचा की बाहेरच्या ग्रंथपालांनी तो बघायला यावं.

आणि विभाग कसा होता? एका भिंतीला छतापर्यंत गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यावर सुतळी आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द, इतर. इतर म्हणजे काय, तर एका गठ्ठ्यात त्रैमासिकाचे चार अंक, त्याखाली कुठल्याशा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, त्याखाली पाटबंधारे खात्याचा अहवाल, त्याखाली दिवाळी अंक, आणि सगळ्यात खाली कुणाचा तरी पीएच.डी.चा प्रबंध. मी माझी पद्धत बसवली. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन प्रश्न विचारायचे. हे पुन्हा येणार आहे का? येणार असेल तर ठरलेल्या वेळी येणार का? आणि कुणालाही मिळेल असं काढलेलं आहे का, की ठरावीक चार जणांसाठीच? पुन्हा येणार नाही ते पुस्तक, लहान असेल तर पुस्तिका. ठरल्या वेळी येतं ते नियतकालिक, मग मासिक, त्रैमासिक, वार्षिक जे असेल ते. येतं पण स्वतःच्या मर्जीने, ते अनियतकालिक. अंक म्हणजे एका वेळचा, खंड म्हणजे वर्षाचे सगळे अंक मिळून. हे सगळं मी टाइप करून भिंतीला लावलं.

तो कागद पहिल्यांदा वाचला युसूफचाचांनी. चाचा आमचे बांधणीकार, जुन्या नाशकातले, तीन पिढ्यांचे जिल्दसाज. सत्तरी ओलांडलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बसायला ग्रंथालयाच्या मागची खोली. वाचून झाल्यावर म्हणाले, बेटी, अच्छा लिखा है, पण एवढं लिहायला लागतं का? हातात घेतलं की कळतं. मी म्हटलं, कसं कळतं ते सांगा. तर चाचांनी एकेक उचलून सांगायला सुरुवात केली, आणि मी वही काढली, कारण पहिल्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं की या माणसाकडे माझ्यापेक्षा जुनी आणि जास्त वापरलेली पद्धत आहे. ही किताब, एकदाच येते, एकटी उभी राहते, तिची पाठ गोल करायची. हा रिसाला, म्हणजे तुझं नियतकालिक, याचे भाऊ मागून येत राहणार, म्हणून याची पाठ सपाट, आणि उंची, रंग, अक्षराची जागा दरसाल तीच, नाहीतर कपाटात एका रांगेत उभे राहिल्यावर भांडल्यासारखे दिसतात. हा अहवाल, याला दोनच माणसं वाचतात, लिहिणारा आणि सही करणारा, याला साधा पुठ्ठा पुरे. स्मरणिकेला मात्र पक्की शिलाई, कारण वर्षभर कुणी हात लावत नाही आणि एक दिवस अख्खं खानदान येतं, आमच्या आजोबांचा फोटो कुठल्या पानावर आहे म्हणून. आणि हा प्रबंध! काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, दिसायला सगळ्यात भारी. चाचा म्हणाले, हा नवरदेव आहे, सजलाय पण वरात नाही. चारच प्रती, त्यातली एक इथं.

मी खूप हसले होते. पण पुढे याच प्रबंधातल्या एका नावाच्या गोष्टीने मला रडवलं, ते सांगते.

त्याआधी माझी चूक सांगितली पाहिजे, कारण ती माझीच होती. जुने सुटे अंक वर्षावर्षाचे खंड करून बांधायला घ्यायचे ठरलं, तेव्हा मी चाचांना लेखी सूचना दिली की प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकावीत, फक्त मजकूर बांधावा. कपाटात जागा नव्हती, खंड जाड होत होते, आणि तसं करण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. चाचा म्हणाले, नको बेटी, कव्हर म्हणजे रिसाल्याचा चेहरा, मुंडकं कापून बांधायचं का? मी म्हटलं, चाचा, संशोधक मजकूर वाचायला येतात, चेहरे बघायला नाही. आज आठवलं की कान तापतात. आणखी एक सांगितलं होतं, की ती गव्हाच्या पिठाची खळ बंद करा, बाजारात चांगला पांढरा गोंद मिळतो तो वापरा. मुखपृष्ठांचं त्यांनी ऐकलं. खळीचं ऐकलं नाही. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून खळ शिजवत राहिले, आणि मी त्या वासाबद्दल कुरकुरत राहिले.

दोन वर्षं गेली. भिंत रिकामी झाली, कपाटं भरली, मुख्य ग्रंथपाल सरांनी माझं कौतुक केलं, आणि एका सकाळी प्रधान मॅडम आल्या. मॅडम माझ्या बी.एस्सी.च्या बाई, तेव्हाच निवृत्तीला आलेल्या, आता सत्तरीकडे झुकलेल्या, पण पाठ ताठ आणि आवाज तसाच. आमच्या डोंगरातली वनस्पती त्यांच्याइतकी कुणी पायी फिरून पाहिली नसेल. तरुणपणी त्यांना आमच्याच बाजूच्या पाड्यामागच्या कड्यावर एक बारीक पांढऱ्या फुलाचं रोप सापडलं होतं, जे कुठल्याच ग्रंथात नव्हतं. खरं तर त्यांना नव्हतं सापडलं. मोळी घेऊन चाललेल्या जनी नावाच्या बाईने विचारलं की काय शोधताय, आणि कमरेला दोर बांधून चढून जाऊन रोप आणून दिलं. मॅडमनी त्या रोपाच्या शास्त्रीय नावात जनीचं नाव घातलं. नाशिकमधल्या निसर्गप्रेमींचं एक त्रैमासिक तेव्हा निघत असे, त्यात लॅटिन वर्णनासकट छापलं. ही जनी म्हणजे आमच्या पाड्यावर सगळे जिला जनीमावशी म्हणतात तीच, हे मला त्या दिवशी कळलं, आणि काय सांगू तुम्हाला, मी ते नाव मॅडमकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मॅडमचं काम असं होतं. दक्षिणेतल्या एका संशोधकाने त्याच वर्षी तेच रोप वेगळ्या नावाने एका शोधपत्रिकेत छापलं होतं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आता कुणीतरी त्या गटाच्या सगळ्या वनस्पतींचा आढावा लिहायला घेतला आणि दोन्ही एकच आहेत हे सिद्ध झालं. अशा वेळी नियम सरळ आहे, जे नाव आधी प्रसिद्ध झालं ते टिकतं, दुसरं नुसतं नोंदीत उरतं. दुसऱ्या पत्रिकेवर ऑगस्टच्या अखेरची तारीख होती. मॅडमच्या अंकावर आत फक्त जुलै ते सप्टेंबर असं छापलेलं. मी चटकन म्हटलं, पण मॅडम, तुमच्या प्रबंधात तर हे दोन वर्षं आधी आहे, प्रत आमच्याकडेच आहे, इतरच्या गठ्ठ्यात सापडलेली! मॅडम म्हणाल्या, वर्गात झोपा काढल्यास वाटतं. प्रबंध म्हणजे प्रसिद्धी नव्हे. परीक्षकांपुढे ठेवलेल्या चार प्रती, त्यातल्या नावाला नाव धरत नाहीत. अंक धरतात. तो लोकांच्या हातात कधी आला ते दाखव.

आणि तेव्हा मला माझीच लेखी सूचना आठवली. कारण आमच्या ग्रंथालयाची जुनी रीत अशी की टपालाने अंक आला की त्याच दिवशी आवक कारकून मुखपृष्ठावर जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का मारायचा. मुखपृष्ठावर. आत नाही. आवक नोंदवह्या कधीच वाळवीने खाल्ल्या होत्या. मॅडमच्या स्वतःच्या अंकांचंही तेच झालं होतं, त्यांच्याजवळ लेखाची सुटी प्रत तेवढी उरलेली, आणि तिच्यावर तारीख नव्हती. त्रैमासिक काढणारं मंडळही बंद पडलेलं. दुसऱ्या एका ग्रंथालयाला फोन केला, त्यांनीही कव्हरं काढूनच बांधलं होतं. म्हणजे त्या रोपाला जनीमावशीचं नाव राहणार की जाणार, हे सांगू शकणारा एकमेव कागद मी माझ्या सहीच्या सूचनेने काढून टाकायला लावला होता.

मी मॅडमना सांगायला तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. मॅडम म्हणाल्या, आधी पाणी पी, मग क्रमाने सांग. मी क्रमाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कापलेली कव्हरं कुणी नेली? तुला माहीत आहे, की तू गृहीत धरते आहेस? मी गृहीतच धरलं होतं. रद्दीत गेली असणार, असं.

मागच्या खोलीत गेलो. चाचा टाके घालत होते. त्यांनी माझं तोंड बघितलं, मॅडमना स्टूल दिलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, रद्दीत? आमच्या घराण्यात कागद रद्दीत नाही जात. मग त्यांनी सांगितलं ते मी शब्दशः वहीत लिहून घेतलं. पाठीला आतून जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागतात, त्यावाचून बांधणीला बळ येत नाही, आणि जिल्दसाज त्यासाठी हाताला येईल तो जुना कागद वापरतात. पण त्यांच्या वालिदांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानात एका अंगाला मदरशाचे पारे, म्हणजे कुराणाचे भाग, बांधायला यायचे आणि दुसऱ्या अंगाला त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वह्या आणि पोथ्या. यातलं कातरण त्याच्या पाठीत गेलं तर? कुणाचा कलाम कुणाच्या पाठीत, कुणाचा देव कुणाच्या पाठीत? म्हणून वालिदांचा हुकूम होता, ज्याचा कागद त्याच्याच पाठीत, दुसऱ्याचं चिटोरं नको. चाचा म्हणाले, तू म्हणालीस कव्हर काढ, मी काढलं. फेक असं कुठं लिहिलं होतंस? जी जाड होती ती पाठीत घातली. पातळ होती ती मात्र चुलीत गेली, खळ शिजवायला. तुझं कुठलं, आत्ता नाही सांगता येत.

तो खंड मी आणला. निळ्या कापडातला, चाचांच्या हातचा, रांगेत सरळ उभा राहणारा. मुख्य ग्रंथपाल सरांना कळल्यावर तेही आले, म्हणाले, बांधलेला खंड फाडायची परवानगी मी कशी देऊ, उद्या तपासणी झाली तर? चाचा म्हणाले, साहेब, फाडायचा नाही, उघडायचा आहे. आणि ज्याने बांधला तोच उघडतोय. सरांनी खोलीचं दार आतून लोटून घेतलं.

मग जे पाहिलं ते मी प्रयोगशाळेतही फार वेळा पाहिलेलं नाही. चाचांनी पाठीवरचं कापड एका बाजूने पात्याने सोडवलं, एक धागाही न तुटता. आतली पाठ दिसली, पट्ट्यांवर पट्ट्या, तपकिरी झालेल्या. त्यांनी ओलं फडकं पिळून पाठीवर ठेवलं आणि हात दाबून बसून राहिले. मॅडमनी विचारलं, किती वेळ? चाचा म्हणाले, खळ मऊ होईपर्यंत, पिठाची आहे, पाण्याचं ऐकते. माझ्याकडे न बघता म्हणाले, पांढरा गोंद असता तर आज इथं सगळ्यांनी घरी जायचं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी पहिली पट्टी सुटली, तिच्यावर सुगरणीचं घरटं, चित्रातलं, अर्धं. दुसरीवर नुसता हिरवा रंग. तिसरीच्या कडेला जांभळी कमान दिसली, गोल शिक्क्याची वरची बाजू, आमच्या ग्रंथालयाच्या नावाची चार अक्षरं. तारीख कापलेली. चाचा चौथी पट्टी सोडवताना मॅडमनी माझा दंड धरला होता, आणि मला त्यांच्या बोटांचं वजन अजून आठवतं. ती पट्टी तिसरीशेजारी काचेवर सुलटी ठेवून चाचांनी दोन्ही कडा जुळवल्या. ऑगस्टचा पहिला आठवडा. स्पष्ट. दुसऱ्या पत्रिकेच्या तीन आठवडे आधी.

मॅडमनी माझा दंड सोडला. चष्मा काढून पुसला आणि चाचांना म्हणाल्या, तुमचं पूर्ण नाव सांगा, माझ्या टिपणात लागेल. चाचा म्हणाले, माझं नाव कशाला, मी कुठं काय लिहिलंय? मॅडम म्हणाल्या, पुरावा कुणाच्या हातून टिकला हे लिहायचं असतं.

पुरावा आढावा लिहिणाऱ्या संशोधकाकडे पाठवायचा तर सोबत ग्रंथालयाचं पत्र हवं होतं. सर म्हणाले, दुरुस्तीच्या वेळी सापडलं असं लिहा, मुखपृष्ठं कुणी काढायला सांगितली ते कशाला, तुमची कायमच्या जागेची मुलाखत आहे पुढच्या महिन्यात. वाईट हेतू नव्हता त्यांचा. मी रात्रभर विचारबिचार केला नाही, तिथेच टेबलावर बसून लिहिलं, की माझ्या सूचनेवरून मुखपृष्ठं वेगळी केली गेली, ती सूचना चुकीची होती, आणि बांधणीकाराच्या रीतीमुळे ती खंडाच्या पाठीत टिकली. पट्ट्या पाठीत कशा होत्या हे खरं सांगितल्याशिवाय त्या त्याच अंकाच्या आहेत हे सिद्धच होत नव्हतं. सरांनी वाचलं आणि सही केली. चार महिन्यांनी उत्तर आलं. पुरावा मान्य झाला. नाव जनीमावशीचंच राहिलं.

चाचांनी तो खंड पुन्हा बांधला, पट्ट्या वेगळ्या पाकिटात घालून शेवटी शिवल्या. आता आमच्याकडे प्रत्येक मुखपृष्ठ खंडाच्या शेवटी बांधलं जातं, जाडी वाढते ती वाढते. भिंतीवरच्या माझ्या कागदाशेजारी मी चाचांची पद्धत त्यांच्याच शब्दांत लावली, त्यांचं पूर्ण नाव घालून. त्यांनी चष्मा सावरून वाचलं आणि म्हणाले, नवरदेववाली बात भी लिख दी? अब प्रोफेसर लोग मारेंगे.

मुलाखत झाली, निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा लागेल.

पाऊस ओसरल्यावर मी लेखाची झेरॉक्स घेऊन पाड्यावर गेले. जनीमावशी ओट्यावर नाचणी निवडत होती. तिला सगळं सांगितलं, नाव कुठे छापलंय ते बोटाने दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, मला इचारलं व्हतं का नाव लावताना? मी म्हटलं, नसेल विचारलं. ती म्हणाली, मग? तिची सून आतून म्हणाली, सासूबाईंच्या नावाचं हाय म्हणून तर कडू हाय ते, शेळीसुद्धा तोंड लावत नाय. मावशी म्हणाली, तू गप, तुझ्या नावाचं काय हाय सांग! मग काठी घेऊन उठली आणि मला कड्याखाली घेऊन गेली. आम्ही दोघींनी रोपं मोजली. नऊ. मावशी म्हणाली, मी पोर व्हते तवा हा कडा पांढरा व्हायचा, बाई. छापून ठेवलं ते बरं केलं तुमी लोकांनी, पण नुसतं छापून जाऊ नका.

यंदा गेले तर तिने कड्याच्या पायथ्याला काट्यांचं कुंपण घातलेलं, एकटीने, या वयात. रोपं चौदा होती. मी म्हटलं, मावशी, एवढं कशाला केलंस? तर म्हणाली, माजं नाव लावलंय नं, मग राखण कोण करील, ती नाशिकची बाई? आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, जा, उन्हं कलली, तुला एसटी गावायची नाय. सुखात राहा, आनि पुढल्या साली मोजाया ये.